टोटल टी-फोर वाढलं म्हणून थायरॉइड वाढलं असं नव्हे

गर्भनिरोधक गोळीला 1960 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, तेव्हा थायरॉइडची तपासणी म्हणजे रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं आयोडीन मोजणं. गोळी घेणाऱ्या बाईचा आकडा वर जायचा आणि ग्रंथी मात्र ठणठणीत असायची. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक टी-फोर, रक्तातून वाहून नेणारं मुख्य प्रथिन टीबीजी. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे त्याच्यावर सायॅलिक आम्ल (साखरेचा एक प्रकार) जास्त चढतं, मग यकृत ते रक्तातून लवकर काढत नाही आणि ते साठत जातं. टेस्टोस्टेरॉन आणि डॅनाझोल या औषधाने ते उलट घटतं.

तो घोळ अजून मिटलेला नाही. इंदुरात सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं की संध्याकाळी थायरॉइड प्रोफाइल फोनवर येतं. समजा टी-फोर 14.2, मर्यादा 5 ते 12, आणि टीएसएच (ग्रंथी कमी पडली की चढणारं संप्रेरक) 2.1, म्हणजे ठीक. लाल आकडा बघून घरचे धास्तावतात. टी-फोरच्या आधी ‘टोटल’ छापलंय की ‘फ्री’, हे आधी बघावं. टोटलमध्ये प्रथिनाला बांधलेला साठाही मोजला जातो. पेशींच्या उपयोगी पडतं ते मोकळं टी-फोर, आणि ते एकूणच्या जेमतेम 0.03 टक्के. गर्भनिरोधक गोळी चालू आहे आणि टीएसएच ठीक आहे, तर वर गेलेलं टोटल हा आजार नव्हे. पण ‘फ्री’वरही डोळे झाकून विसंबू नये. गरोदरपणात टीबीजी इतकं वाढतं की फ्रीच्या नेहमीच्या चाचण्या चुकू शकतात. तिथे 16 आठवड्यांनंतर टोटलची नेहमीची मर्यादा दीडपट धरून वाचणंच जास्त भरवशाचं.

ज्यांची ग्रंथी थकलेली आहे, त्यांचं गणित वेगळं. निरोगी ग्रंथी वाढलेल्या टीबीजीपुरतं जास्त टी-फोर सोडते, थायरॉइडच्या गोळीवर चालणाऱ्या थकलेल्या ग्रंथीला ते जमत नाही. रजोनिवृत्तीनंतर तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्या अशा बायकांचं टीएसएच चढतं, हे 2001 मध्ये नीट मोजलं गेलं. म्हणून इस्ट्रोजेन सुरू केल्यावर 12 आठवड्यांनी टीएसएच बघतात. पॅच किंवा जेलने हा परिणाम नगण्य, कारण ते आधी यकृतातून जात नाही.

अशा बायकांना गरोदरपणात थायरॉइडच्या गोळीचा डोस लवकर वाढवावा लागतो. मासिक पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली, की डॉक्टरांशी बोलून आठवड्याच्या 7 गोळ्यांच्या 9 करतात. पहिल्या तिमाहीत टीएसएचची वरची मर्यादा 2011 मध्ये 2.5 ठरली. ती फार कडक होती, त्यापायी कितीतरी जणींना विनाकारण थायरॉइडची गोळी लागली. 2017 मध्ये ती सुमारे 4 वर आली, तीही त्या भागातल्या गरोदर बायकांचे स्वतःचे आकडे नसतील तरच.

याच काळात लोह-कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू होतात. त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत 4 तासांचं अंतर हवं. सकाळच्या पोहे-चहाबरोबर सगळ्या एकदम घेतल्या, तर वाढवलेला डोसही पुरता शोषला जात नाही.