तिवड्याभोवतीचा उंदीर

परभणीच्या आमच्या एका स्नेह्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन, आहे. कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत चहा सांडतोच. परवा त्यांच्या मुलानं व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवला, 'जनुक बदललेल्या मूलपेशींनी पार्किन्सन बरा!' मागोमाग फोन. "काका, वावर इकावं लागलं तरी चालंल, पण हे करू का?"

बातमी अगदीच खोटी नव्हती. फक्त बरा झालेला पेशंट उंदीर होता.

उंदराला आपसूक पार्किन्सन होत नाही, तो द्यावा लागतो. त्यासाठी ६-हायड्रॉक्सिडोपामिन नावाचं विष आहे. हालचाली ताब्यात ठेवायला मेंदू वापरतो ते रसायन म्हणजे डोपामिन; पार्किन्सनमध्ये ते बनवणाऱ्या पेशीच मरतात. विषाची रचना डोपामिनसारखीच, त्यामुळे डोपामिन बनवणाऱ्या पेशी आपलाच माल समजून ते आत ओढतात आणि मरतात. १९६८ साली स्वीडनच्या उर्बन उंगरस्टेट यांनी ही युक्ती दाखवली. खुबी अशी, की विष मेंदूच्या एकाच बाजूला टोचतात. मग ॲम्फेटामिन हे उत्तेजक दिलं, की शाबूत बाजूचं डोपामिन उसळतं आणि उंदीर मेलेल्या बाजूकडे वळत गरागरा फिरतो, खळ्यावर तिवड्याभोवती बैल फिरावा तसा. ॲपोमॉर्फिन दिलं तर तोच उंदीर उलटा फिरतो! कारण ॲपोमॉर्फिन स्वतःच डोपामिनचं काम करतं, आणि उपाशी बाजूचे रिसेप्टर, म्हणजे डोपामिन टिपणारे पेशींवरचे रेणू, तोवर कमालीचे हावरे झालेले असतात. संशोधक फक्त गिरक्या मोजतात.

आता उपचार. जीडीएनएफ हे १९९३ साली सापडलेलं प्रथिन डोपामिनच्या पेशींना तगवतं, पण रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून अस्थिमज्जेतल्या मूलपेशींत विषाणूवरून त्याचं जनुक घालायचं आणि त्या मेंदूतच सोडायच्या. टँकरऐवजी दारातच आड. उंदरांच्या गिरक्या कमी झाल्या, हे खरं. पण अशा बऱ्याच प्रयोगांत पेशी विषाआधी किंवा लगेच नंतर सोडलेल्या असतात. माणसाचा हात थरथरू लागतो तेव्हा डोपामिनच्या निम्म्याच्या आसपास पेशी आधीच संपलेल्या असतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या चाचणीत रुग्णांच्या मेंदूत थेट जीडीएनएफ सोडलं; २०१९ साली निकाल आला, तेही मुख्य कसोटीवर औषध नसलेल्या नुसत्या द्रावणापेक्षा सरस ठरलं नाही.

आपल्याकडे पूर्वी अंगात असं काही दिसलं की भानामती म्हणायचे आणि देवऋषी बोलवायचे. आता देवऋषी पांढरा कोट घालून पावती देतो, एवढंच.

मी मुलाला विचारलं, "बाबांची लेव्होडोपाची गोळी कधी देतोस?"

"वरण-भात झाल्यावर."

लेव्होडोपा म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन बनणारं औषध. डाळीतल्या प्रथिनांची अमिनो आम्लं आणि ते मेंदूत शिरायला एकाच दारावर ढकलाढकली करतात. म्हटलं, डॉक्टरांना विचारून आधी ही वेळ बदलून बघ.