छपरावर माती कुणी आणि का टाकली? ग्रीन रूफची पार्श्वभूमी

ग्रीन रूफ, म्हणजे माती टाकून त्यावर झाडं-गवत वाढवलेलं छप्पर, म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं हे आत्ताचं फॅड, आर्किटेक्ट लोकांची हौस. पण मागे जाऊन बघितलं तर माती आधी आली ती छप्पर वाचवायला, हिरवाईचं कौतुक खूप नंतरचं.

बॅबिलोनच्या झुलत्या बागा सोडून देऊ, त्या होत्या की नाही यावरच एकमत नाही. नॉर्वेत मात्र शेकडो वर्षं गवताची छपरं होती. फळ्यांवर बर्च झाडाच्या सालीचे थर एकावर एक अंथरायचे, पाणी अडवायचं काम त्या सालीचं, आणि वर गवत मुळांसकट, मातीसकट कापून आणून ठेवायचं, त्या वजनाने साल जागची हलत नाही आणि घरही उबदार राहतं. म्हणजे खाली वॉटरप्रूफिंग आणि वर त्याला जपणारी जिवंत माती, आजचं ग्रीन रूफ तरी वेगळं काय आहे!

शहरात हे आलं 19व्या शतकातल्या बर्लिनमधे. कामगारांसाठी भराभर इमारती उठत होत्या, छपरावर डांबर आणि कागदाचे थर, त्यामुळे आगीची धास्ती, म्हणून वर वाळू-खडी पसरायचे. त्यात वाऱ्याने बिया आल्या, गवत उगवलं, कुणी लावलं नाही की कुणी पाणी घातलं नाही. आणि गंमत म्हणजे यातली काही छपरं 1980च्या सुमारासही गळत नव्हती, कारण डांबराला ऊन लागलंच नाही. टेरेसवर माती टाकली की गळती होणारच असं ठामपणे सांगणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचं आहे. तिथे 1914 मधे पाणी शुद्धीकरण केंद्र बांधलं, खालचं पाणी गार राहावं म्हणून सपाट काँक्रीटच्या छपरावर आसपासच्या शेतातली माती पसरली, बस, एवढंच. पुढे आजूबाजूची कुरणं बांधकामात आणि शेतीत संपली, पण छपरावरचं कुरण टिकलं, आज तिथे सुमारे 175 जातींच्या वनस्पती आहेत, त्यात 9 जातींची ऑर्किड्स! जमिनीवर जे संपलं ते छपरावर वाचलं.

1920च्या दशकात ल कॉर्बुझिए या आर्किटेक्टने टेरेस गार्डनला आधुनिक इमारतींसाठीच्या आपल्या पाच तत्त्वांत जागा दिली, लंडनच्या केन्सिंग्टनमधे 1938 ला एका डिपार्टमेंट स्टोअरच्या माथ्यावर झाडांसकट मोठी बाग झाली. पण एवढी माती म्हणजे प्रचंड लोड, साध्या इमारतीला हे झेपणारं नव्हतं.

ते गणित सोडवलं जर्मनीने, 1960-70च्या दशकांत. मुळं डांबरी थर फोडतात म्हणून मुळं अडवणारी शीट आली, त्यावर पाण्याचा निचरा करणारा थर, मग गाळणीचं कापड आणि बागेतल्या मातीऐवजी विटांचा चुरा किंवा प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड) यांसारखं हलकं मिश्रण, आणि त्यात सीडम, पानात पाणी साठवून तग धरणारं बुटकं झाड. जाडी जेमतेम 8-10 सेंमी, त्यामुळे ही गोष्ट साध्या सपाट छपरांच्या आवाक्यात आली (तरी आधी स्लॅब किती लोड घेईल हे तपासून घ्यायचंच, यात तडजोड नाही).

त्यानंतर शहरांनी मनावर घेतलं. 1995 च्या उष्णतेच्या लाटेत शिकागोत 700 हून जास्त माणसं गेली, आणि काही वर्षांतच तिथल्या सिटी हॉलच्या छपरावर झाडं लागली. ओली माती आणि पानं पाण्याची वाफ करताना उष्णता ओढून घेतात, म्हणून छप्पर तापत नाही, मात्र माती पार वाळली की हा गारवाही कमी होतो हे लक्षात ठेवायला हवं. पावसाचं म्हणाल तर थोडं पाणी मातीतच मुरतं, बाकीचं उशिरा आणि हळूहळू खाली येतं, त्यामुळे गटारांवर एकदम ताण येत नाही. टोकियोने 2001 मधे मोठ्या नव्या इमारतींना ग्रीन रूफची सक्ती केली, टोरांटोने 2009 मधे.

स्वित्झर्लंडमधल्याच बाझेल शहराने 2002 मधे नव्या सपाट छपरांना हा नियम लावला आणि त्यात आणखी एक पाऊल पुढे टाकलं. तिथल्या अभ्यासकांनी छपरांवरचे भुंगेरे आणि कोळी मोजले होते, तेव्हा दिसलं की सगळीकडे सारखी पातळ सीडमची चटई टाकली तर फारसं कुणी राहायला येत नाही, म्हणून तिथे स्थानिक माती वापरतात आणि ती मुद्दाम कुठे जाड कुठे पातळ ठेवतात, म्हणजे वेगवेगळ्या किड्यांना आणि झाडांना आपापली जागा मिळते.