ला नोत्ते देल्ला तारांता (मेलपिन्यानो, इटली)

ला नोत्ते देल्ला तारांता हा इटलीच्या पार दक्षिणेला, पुलिया प्रांतातल्या सालेंतो भागात दर ऑगस्टमध्ये होणारा लोकसंगीत आणि लोकनृत्याचा महोत्सव. नकाशात बुटाची टाच दिसते ना, तोच हा भाग. १९९८ ला सुरू झाला. महिनाभर आजूबाजूच्या गावांत रोज कुठे ना कुठे कार्यक्रम असतात आणि महिनाअखेरीस मेलपिन्यानो या गावात शेवटची मोठी मैफल होते, तिला सगळे ‘कोन्चेर्तोने’ म्हणतात. गावाची वस्ती जेमतेम दोन-सव्वादोन हजार, आणि त्या एका रात्री तिथं लाखाच्या वर माणूस जमतं. जुन्या ऑगस्टीनियन मठासमोरच्या मोकळ्या मैदानात स्टेज असतं, तिकीट नसतं, संध्याकाळी सुरू झालेलं वाजवणं मध्यरात्र उलटून गेली तरी चालूच असतं.

वाजतं काय, तर पीत्सिका. तारांतेल्ला नावाच्या दक्षिण इटालियन नाचांच्या कुटुंबातला हा सालेंतोचा प्रकार. मुख्य वाद्य ताम्बुरेल्लो, म्हणजे बकरीचं कातडं ताणलेली आणि कडेला पत्र्याच्या चकत्या लावलेली मोठी खंजिरी. सोबत व्हायोलिन, गिटार आणि ऑर्गानेत्तो हा छोटा बटणांचा अकॉर्डियन. ताल तीन-तीनच्या झुपक्यांचा आणि प्रचंड वेगाचा, एका हातात खंजिरी उभी धरायची आणि दुसऱ्या हाताचा अंगठा, बोटं, तळवा असं आलटून पालटून मारत राहायचं, तेही मिनिटभर नाही तर तास-तास. रात्रभर वाजवणाऱ्यांच्या हाताची सालटी निघतात, कातड्यावर रक्ताचे डाग पडतात, तरी माणूस थांबत नाही.

पण हा नाच मुळात करमणुकीपुरता नव्हता हे समजून घेतल्याशिवाय या महोत्सवाचा अर्थ लागत नाही. पीत्सिका जोडीनं, रुमाल हातात घेऊन लग्नात-जत्रेत नाचायचे ते होतंच, पण तिचं दुसरं रूप इलाजाचं होतं. उन्हाळ्यात गहू कापणीच्या किंवा तंबाखूच्या कामावर गेलेली बाई अचानक कोसळायची, कुणाशी बोलायची नाही, आणि घरचे म्हणायचे तिला तारांता चावली. तारांता म्हणजे कोळी. मग वाजवणाऱ्यांना घरी बोलवायचं, जमिनीवर पांढरी चादर अंथरायची, रंगीत फिती आणून ठेवायच्या, आणि वादक एकेक चाल वाजवून बघायचे की बाईचं अंग कुठल्या चालीला हलतंय. ती चाल सापडली की ती आधी पाठीवर पडल्या पडल्या सरपटायची, मग उठून गोल गोल धावायची, पडायची, थोडा दम घ्यायची, परत उठायची. हे कधी कधी दोन-तीन दिवस चालायचं आणि वादकांचे पैसे देता देता शेतमजुराचं घर कर्जात जायचं. २९ जूनला, सेंट पॉलच्या सणाला, या बायका गालातीना गावातल्या त्याच्या छोट्या चॅपलमध्ये जाऊन तिथल्या विहिरीचं पाणी प्यायच्या. सेंट पॉलच का, तर बायबलमध्ये माल्टा बेटावर त्याला साप चावतो आणि काहीच होत नाही, म्हणून विषारी दंशाचा तो रक्षक.

मराठी वाचकाला इथं अंगात येणं आठवेल आणि ते साहजिक आहे, फक्त इथं कौल घ्यायला, प्रश्न विचारायला कुणी येत नसे, सगळी खटपट त्या बाईला उभं करण्यासाठी असायची.

हे प्रकरण जुनं आहे. सतराव्या शतकात अथानासियस किर्शर या जेझुइट पंडितानं दंशावरच्या चाली टिपून ठेवल्या होत्या. १९५४ मध्ये अॅलन लोमॅक्स आणि दिएगो कार्पितेल्ला या लोकसंगीताच्या अभ्यासकांनी सालेंतोची गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि १९५९ च्या उन्हाळ्यात एर्नेस्तो दे मार्तीनो हा अभ्यासक कार्पितेल्ला, मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, फोटोग्राफर अशी टीम घेऊन इथं आला. १९६१ च्या त्याच्या पुस्तकातला मुद्दा असा की कोळ्याच्या विषानं सगळं समजत नाही. शेतात पुरुषही असतात, मग चावा बहुतेक बायकांनाच कसा, दरवर्षी त्याच ऋतूत परत कसा, आणि गालातीना शहरातल्यांना तो चावतच नाही असं लोक का मानतात? त्याच्या मते गरिबी, मनाविरुद्धची लग्नं, मोडलेलं प्रेम, घरातलं मरण हे सगळं जे बाईला तोंडानं बोलता येत नव्हतं, त्याला या विधीत वाट मिळायची. मला हे पटतं, कारण तिच्या दुःखाला वेड म्हणून बाजूला न टाकता अख्खं गाव तिच्यासाठी वाजवत बसायचं. याच वादकांपैकी नार्दो गावचे लुईजी स्तिफानी. पेशानं न्हावी, हातात व्हायोलिन, आणि आपण कुणाकुणासाठी वाजवलं याच्या नोंदी ते वहीत ठेवायचे. २००० साली ते गेले.

पुढे विधी संपत गेला, माणसं कामासाठी स्वित्झर्लंड, जर्मनी, बेल्जियमला गेली आणि हे संगीत म्हणजे गरिबीची लाज असं तरुणांना वाटायला लागलं. १९७५ मध्ये लेखिका रीना दुरान्ते यांच्या पुढाकारानं कान्त्सोनिएरे ग्रेकानिको सालेंतिनो हा गट निघाला आणि गाणी परत गोळा व्हायला लागली. मेलपिन्यानो ज्या गावांच्या समूहात येतं त्या ग्रेचीया सालेंतिनात ग्रीको ही ग्रीक वळणाची बोली अजून थोडीफार टिकून आहे, १९९९ च्या इटालियन कायद्यानं अल्पसंख्य भाषांमध्ये ग्रीकलाही संरक्षण मिळालं, आणि कोन्चेर्तोनेत ग्रीको गाणी आवर्जून असतात. महोत्सव काढला तोही या गावांनी मिळूनच.

त्यांची युक्ती अशी की वादक-गायक इथलेच, पण दरवर्षी संगीताची सूत्रं बाहेरच्या एखाद्या संगीतकाराच्या हाती द्यायची. २००० ला जॅझवाले जो झाविनुल, २००३ ला द पोलीस बँडचे ड्रमर स्टुअर्ट कोपलंड, २०१० आणि २०११ ला लुदोविको एइनाउदी, २०१२ ला बाल्कन संगीतवाले गोरान ब्रेगोविच, २०१५ ला फिल मान्झानेरा, २०१६ ला कार्मेन कोन्सोली, २०२३ ला फिओरेल्ला मान्नोया. २०२० मध्ये कोविडमुळे प्रेक्षकांशिवाय मैफल झाली, त्याच वर्षी जुलैमध्ये लेच्चे शहरात डिओरच्या फॅशन शोला इथलाच ऑर्केस्ट्रा वाजला.

यावर टीका पुष्कळ होते, की पीत्सिकाचा पॉप शो झाला, पर्यटनासाठी दुःखाची विक्री झाली. टीका पूर्ण खोटी नाही, इलेक्ट्रिक बासच्या भिंतीमागे खंजिरी ऐकू येईनाशी होते असं काही वर्षी झालंय. पण ज्या गाण्यांची लाज वाटायची ती शिकायला आज तिथली पोरं रांगा लावतात, हे या महोत्सवाशिवाय एवढ्या प्रमाणात झालं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टेज नको, नुसता नाच बघायचा असेल तर १५ ऑगस्टच्या रात्री तोर्रेपादुली गावात सान रोक्को या संताच्या जत्रेला जावं. तिथं माणसं गोल करून उभी राहतात, त्याला रोन्दा म्हणतात, कडेला खंजिऱ्या आणि मध्ये दोघे जण. चाकूच्या जागी तर्जनी आणि मधलं बोट ताठ करून एकमेकांवर वार करत, चुकवत नाचतात, या प्रकाराला स्केर्मा म्हणतात. एकाला बोट लागलं की तो बाहेर, दुसरा आत, आणि हे पहाटेपर्यंत.