ऑरेगन ट्रेलवरील जिओकॅशिंग

अनोळखी माणसाने लपवून ठेवलेली डबी जीपीएसने शोधून तिच्यातील वहीत नाव व तारीख नोंदवणे, आणि डबी होती तशी परत ठेवणे, या छंदास जिओकॅशिंग म्हणतात. अमेरिकी सरकारने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम राखलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातील जंगलात एक बादली अर्धवट पुरून ठेवली. तेथून या छंदाची सुरुवात झाली.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे वस्तीसाठी जाणाऱ्यांची गाडीवाट म्हणजे ऑरेगन ट्रेल; तेथील स्थलांतरितांच्या जुन्या मुक्कामांवर हा शोध विशेष अर्थपूर्ण ठरतो. कॅन्सस राज्यात बिग ब्लू नदी ओलांडण्याच्या उताराजवळील अल्कोव्ह स्प्रिंग हा असाच एक मुक्काम आहे. मे १८४६ मध्ये नदीला पूर आल्याने जेम्स रीड व डोनर यांची कुटुंबे ज्यात होती तो गाड्यांचा तांडा येथे अडकून पडला. खडकाच्या कडेवरून खाली झेपावणारे झऱ्याचे थंड पाणी पाहून तांड्यातील एडविन ब्रायंट व त्यांच्या सोबत्यांनी या जागेला आजचे नाव दिले आणि ते कातळावर कोरले गेले. रीड यांच्या वृद्ध सासूबाई सेरा कीज २९ मे रोजी येथेच वारल्या. कॉटनवुडचे झाड पाडून त्यांची शवपेटी करण्यात आली आणि ओकच्या झाडाखाली त्यांना पुरण्यात आले. मात्र ही भूमी त्यापूर्वीपासून कॉ या मूळ अमेरिकी लोकांची होती, हे सांगितल्याशिवाय या जागेची माहिती पुरी होत नाही.

अशा ठिकाणी डबी ठेवण्यासाठी जमिनीच्या मालकाची वा व्यवस्थापनाची परवानगी लागते, आणि खणून पुरण्यास तर जिओकॅशिंगच्या नियमांनीच सहसा मनाई आहे. त्यामुळे डबीविना कॅश (कॅश म्हणजे या छंदात शोधायचा ठेवा) हा प्रकार येथे अधिक योग्य वाटतो: शोधणाऱ्याने फलकावरील एखादे वर्ष किंवा शब्द टिपून कळवायचा, म्हणजे भेटीची खूण पटते. कोरीव अक्षरांवर हात फिरवणे किंवा ती खडूने उठावदार करणे टाळलेच पाहिजे, कारण मऊ दगड लवकर झिजतो. स्थलांतरित स्वतःही मागून येणाऱ्यांसाठी अमेरिकी बायसनच्या कवट्यांवर निरोप लिहून ठेवत असत. वहीतील नोंदीचे नाते त्या निरोपांशी जवळचे आहे.

चाकोरी या शब्दाचा मूळ अर्थ या वाटेवर डोळ्यांनी पाहता येतो. गाड्यांच्या चाकांनी खोल गेलेली जमीन उन्हाळ्यात उंच गवताखाली झाकली जाते. वसंतात जुने गवत जाळल्यानंतर, सूर्य कलता असताना, तिच्या कडांची सावली स्पष्ट उमटते.