बेकायदा पकडलेले प्राणी आणि मासे बाळगण्याविरुद्धचा कायदा

शिकार कुठेही झालेली असो, त्यातला प्राणी, मासा, कातडं, नख, प्रवाळ, जे काय असेल ते ज्याच्या ताब्यात सापडेल त्यालाही धरायचं, असा हा कायदा. अमेरिकेत यासाठी 1900 सालचा लेसी अ‍ॅक्ट आहे, एका राज्यात नियम मोडून मारलेलं दुसऱ्या राज्यात नेलं की तो लागतो. आपल्याकडे हे मुख्यतः वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये येतं.

खरी मेख कलम 57 मध्ये आहे. संरक्षित प्राणी किंवा त्याचा अवयव तुमच्याकडे मिळाला की तो बेकायदाच असं गृहीत धरतात आणि तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं, त्यामुळे "मी कुठे मारलं, मी तर विकत घेतलं" हे चालत नाही. पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्यांच्या यादीतला असेल तर 3 ते 7 वर्षं कैद आणि कमीत कमी 25,000 दंड. असं काही हाती आलंच तर 48 तासांत पोलीस नाहीतर फॉरेस्टवाल्यांना कळवायचं, कलम 39.

ठाणे-नवी मुंबईत माल बहुतेक बाहेरूनच येतो. स्टार कासव इथलं नाहीच, तरी लक्ष्मी येते म्हणून लोक टबात पाळतात. वास्तुदोषावर उपाय म्हणून फ्रेम करून भिंतीवर लावतात ते इंद्रजाल, काळ्या बारीक फांद्यांची जाळी, ते झाड नव्हेच, समुद्रातलं प्रवाळ आहे. हत्थाजोडी तर मुळी म्हणून विकतात आणि निघतं घोरपडीच्या नराचं वाळवलेलं लिंग, देव्हाऱ्यात ठेवणाऱ्याला हे कोण सांगणार! पिंजऱ्यातला आपला साधा हिरवा पोपटही गुन्हाच, कितीही वर्षं घरात असला तरी. गळून पडलेलं मोरपीस मात्र चालतं.

परदेशी प्राण्यांचं आधी विचित्र होतं, आफ्रिकन ग्रे पोपट किंवा इग्वाना कस्टममधून एकदा सुटला की पुढे विचारणारं फारसं कोणी नव्हतं. 2022 च्या दुरुस्तीने चौथी अनुसूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या प्राण्यांची यादी आली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे, आणि 2024 च्या नियमांनुसार असे प्राणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात.

सुरमई-पापलेटवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. पण व्हेल शार्क, करवत मासा 2001 पासून संरक्षित आहेत. जाळ्यात असं काही अडकलं आणि जाळं कापून सोडलं तर राज्य सरकार मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं.