आठपैकी सात

१ ऑगस्ट २०१२. न्यूयॉर्कचा शेअर बाजार सकाळी साडेनऊला उघडला आणि नाइट कॅपिटल या मोठ्या दलाली कंपनीच्या संगणकांनी खरेदी-विक्रीचा असा सपाटा लावला की थांबेचनात. पाऊण तासात ४० लाख सौदे झाले, १५४ कंपन्यांच्या ३९ कोटींहून जास्त शेअर्सचे. ज्या ऑर्डरींवरून हे रामायण घडलं, त्या होत्या फक्त २१२. कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला.

पुढच्या वर्षी अमेरिकी बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, काढलेल्या आदेशात या गोंधळाची सगळी कुळकथा आहे. बाजार त्या दिवसापासून किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू करणार होता. त्यासाठी लिहिलेला नवा कोड ऑर्डरी पाठवणाऱ्या आठ सर्व्हरवर २७ जुलैपासून टप्प्याटप्प्याने चढवला गेला. चढवणाऱ्याकडून एक सर्व्हर राहून गेला. दुसऱ्या कुणी तो तपासला नाही. तपासावा असा लेखी नियमच नव्हता.

एका सर्व्हरवर जुना कोड राहिला, एवढ्यानं खरं तर दिवाळं निघत नाही. त्या सर्व्हरकडे आलेल्या ऑर्डरी नव्या योजनेत गेल्या नसत्या, इतकंच. पण नवा कोड लिहिताना एक जुना फ्लॅग, म्हणजे ऑर्डरसोबत जाणारी एक खूण, नव्या अर्थानं वापरात आणली होती. पूर्वी त्याच खुणेनं ‘पॉवर पेग’ नावाचा भाग चालू व्हायचा. त्याचा वापर २००३ मध्ये बंद झाला, पण कोड कुणी काढला नाही. एका मोठ्या ऑर्डरचे लहान तुकडे पाठवत राहायचं आणि ठरलेले शेअर्स पुरे झाले की थांबायचं, हे त्याचं काम. २००५ मध्ये ‘किती झाले’ हे मोजणारा तुकडा दुसरीकडे हलवला गेला, आणि तेव्हापासून पॉवर पेगला थांबायचं कधी ते कळण्याची सोय उरली नाही. सात सर्व्हर त्या खुणेचा नवा अर्थ लावत होते आणि आठवा जुना.

घाबरून कंपनीनं मग उरलेल्या सातांवरचा नवा कोडच काढून टाकला. त्यामुळे आठही सर्व्हर अगदी एकसारखे झाले आणि आठही जुना पॉवर पेग चालवू लागले!

या प्रकरणात बोट नेहमी कोड चढवणाऱ्याकडे दाखवलं जातं. मला ते पटत नाही. आठ ठिकाणी हातानं काम करणारा माणूस कधीतरी सातवर थांबणारच. प्रश्न असा की ‘तुझ्याकडे नेमकं काय आहे?’ हे आठही यंत्रांना कुणी विचारलंच का नाही. विचारणं सोपं आहे. एसएचए-२५६ सारखी हॅश पद्धत कितीही मोठ्या फाइलमधून ६४ अक्षरांचा ठसा काढते, आणि फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. आठ सर्व्हरचे आठ ठसे एकाखाली एक छापले असते, तर वेगळी ओळ डोळ्यांत भरली असती.

यंत्रं आठशे असतील तर मात्र माणसानं बघणंही सोडावं लागतं. ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञानं १९९३ मध्ये ‘सीएफइंजिन’ नावाची प्रणाली लिहिली, ती याच कामासाठी. पपेट, ॲन्सिबल ही मंडळी त्यानंतरची. या साधनांना काय करायचं हे सांगण्याऐवजी शेवटी काय असायला हवं ते सांगण्यावर भर असतो. ‘या फाइलच्या शेवटी ही ओळ जोड’ हा हुकूम दोनदा चालला तर ओळ दोनदा येते, आणि यंत्र त्या वेळी बंद असेल तर येतच नाही. ‘या फाइलमध्ये ही ओळ एकदाच असावी’ असं लिहिलं, तर ते शंभरदा चालवा, फरक पडत नाही. सीएफइंजिन ठरावीक वेळानं स्वतःच तपासतं आणि जिथे बिघडलं असेल तिथे तेवढंच नीट करतं. रात्री दोन वाजता कुणीतरी तातडीनं एका सर्व्हरवर हातानं केलेली ‘तात्पुरती’ दुरुस्तीही त्यात सापडते.

सगळीकडे एकाच क्षणी एकसारखं करणंही पुन्हा धोक्याचंच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली. ती ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक कोसळले होते. आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते याच दिवशी. ती फाइल आधी थोड्या यंत्रांवर पाठवून पाहिली असती तर नुकसान तेवढ्यावर निभावलं असतं.

टप्प्याटप्प्यानं पाठवायचं म्हटलं की जुनं आणि नवं काही काळ शेजारी शेजारी चालणारच. म्हणून त्या काळात एकाच खुणेचे दोन अर्थ निघणार नाहीत, अशी तजवीज कोडमध्येच करावी लागते. गूगलच्या ‘प्रोटोकॉल बफर्स’ या पद्धतीत यंत्रांनी एकमेकांना पाठवायच्या माहितीच्या प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो. रकाना काढून टाकला की त्याचा क्रमांक राखीव म्हणून नोंदवता येतो. पुढे कुणी तोच क्रमांक वेगळ्या कामासाठी वापरायला गेलं, तर कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात उतरवणारा प्रोग्रॅम, तिथेच अडवतो आणि तो कोड सर्व्हरपर्यंत पोचतच नाही.