चरणीचं मटण आणि बंदिस्तचं मटण: दुकानात सारखं, पातेल्यात वेगळं

सोलापुरात मटणाच्या दुकानात 'गावरान आहे का?' असं विचारलं की 'गावरानच आहे' हेच उत्तर मिळतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण त्यातून फक्त जात कळते. धाराशिव-तुळजापूरपासून आपल्या बार्शी-मोहोळपर्यंत दिसणारा काळाभोर उस्मानाबादी बोकड गावरानच. तो माळावर फिरून मोठा झाला की शेडमध्ये मक्याचा भरडा खाऊन, हे मात्र जातीवरून समजत नाही. मटण कसं शिजणार ते तर यावरच ठरतं. म्हणून विचारायचं ते असं: हा कुठे वाढला आणि शेवटचे दोन-तीन महिने याला खायला काय होतं?

चरणीचा बोकड सकाळी सुटतो तो संध्याकाळीच दावणीला येतो. गवतापेक्षा त्याचा ओढा झाडपाल्याकडे असतो. बाभळीचा पाला, बोरीची कोवळी डहाळी, उन्हाळ्यात खाली पडलेल्या बाभळीच्या शेंगा, काढणीनंतर तुरीच्या रानात राहिलेला पाला, हेच त्याचं खाणं. बंदिस्त बोकडाला गव्हाणीत कडब्याची कुट्टी, तूर-हरभऱ्याचं भुसकट, मेथीघास मिळतो, वर रोज 200-300 ग्रॅम मका भरडा आणि पेंड. चालणं जवळजवळ नाही. एक वर्षाचा चरणीचा उस्मानाबादी साधारण 18 ते 22 किलो भरतो, चांगल्या खुराकावरचा 25 किलोच्या पुढे जातो. या दोघांच्या मधलाही एक प्रकार आहे. बकरी ईदच्या आधी चरणीचे बोकड दोन-तीन महिने खुराकावर बांधतात. त्यांची चरबी बंदिस्तसारखी होते, पण दिवसभर चालून घट्ट झालेलं मांस तसंच राहतं. शिजवताना त्यांना चरणीचंच समजावं.

दुकानात टांगलेल्या बोकडावर आधी मूत्रपिंडाची जागा बघा. शेळीच्या अंगात चरबी आधी पोटात साठते, मूत्रपिंडाभोवती आणि आतड्यांवरच्या जाळीत. पाठीवर आणि मांसाच्या आत ती फार कमी जाते. गुर्दा पांढऱ्या चरबीत पूर्ण बुडालेला असेल, तर बोकडाला खुराक होता. चरबीचा पातळ थर असून गुर्दा अर्धा उघडा दिसत असेल, तर बहुधा चरणीचा. मांसाचा रंग चरणीच्या बोकडात गडद लाल असतो, कारण चालणाऱ्या स्नायूंना ऑक्सिजन जास्त लागतो आणि तो धरून ठेवणारं लाल द्रव्यही त्यांच्यात जास्त असतं. मात्र वय वाढलं तरी रंग गडद होतो, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नये.

इंटरनेटवर 'गवतावरच्या जनावराची चरबी पिवळी असते' अशी खूण सांगतात. ती गायीच्या मांसाची आहे. गाय चाऱ्यातलं कॅरोटीन हे पिवळं द्रव्य चरबीत साठवते. शेळी, मेंढी आणि म्हैस साठवत नाहीत. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासून आणि 2015 पासून बैल-वळूच्याही कत्तलीवर बंदी आहे, तेव्हा ती खूण इथे कामाचीच नाही. बोकडाची चरबी पाला खाऊनही पांढरीच राहते. ती पिवळट दिसली तर 'चरणीचं आहे' म्हणून खूश होऊ नका. मटण शिळं आहे का, जनावर आजारी होतं का, ते विचारा.

पण चाऱ्याच्याही आधी वय बघायला हवं. जिवंत बोकड घेत असाल तर खालचे दात पाहा. सगळे दुधाचे असतील तर तो आदत, म्हणजे साधारण वर्षाच्या आतबाहेरचा. मधले दोन मोठे दात आले की दोन दाती, त्याच्या पुढे चार दाती. चार दाती चरणीचा बोकड चवीला उत्तम लागतो, पण त्याला शिजायला दुप्पट वेळ द्यायची तयारी हवी. उग्र वासाचं कारण चारा नसतो. न खच्ची केलेला बोकड माजावर आला की शिंगांच्या मागच्या ग्रंथींमुळे वास येतो आणि तो चरबीतही उतरतो. खच्ची बोकडात हा त्रास जवळपास नसतो.

चार घरं मिळून वाटे घालणार असाल तर हिशेब असा धरा. चरणीच्या बोकडाचं पोट मोठं आणि चाऱ्यानं भरलेलं असतं, त्यामुळे जिवंत वजनाच्या 42 ते 45 टक्के मटण पडतं. बंदिस्तचं 48-50 टक्क्यांपर्यंत जातं. 22 किलोच्या चरणीच्या बोकडाचं साडेनऊ किलोच्या आसपास. बाजारात वजनाआधी पोटभर पाणी पाजलेलं असेल तर तेवढे पैसे पाण्याचे जातात. रात्रभर उपाशी ठेवून सकाळी वजन करायचं ठरवून घ्यावं. जनावराला जंतनाशक आणि प्रतिजैविक शेवटचं कधी दिलं तेही बंदिस्तवाल्याला विचारा. बाटलीवर लिहिलेले थांबायचे दिवस उलटल्याशिवाय कापू नये. चरणीच्या जनावरालाही जंताचं औषध देतात, तेव्हा हा प्रश्न दोघांनाही.

चरणीचं मटण बारा महिने सारखं मिळत नाही. पावसाच्या सुरुवातीला कोवळं गवत खाऊन जनावरांना हगवण लागते, वजन उतरतं. दसरा-दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचं मटण सर्वांत भरीव. मे महिन्यात चारा आटलेला असतो, तेव्हा बंदिस्तचं घेतलेलं बरं.

तब्येतीसाठी चरणीचं घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. त्यात ओमेगा-3 चं प्रमाण जास्त असतं हे खरं, पण मुळात चरबीच थोडी, त्यामुळे पोटात जातं ते नगण्य. भाकरीबरोबर चमचाभर जवसाची चटणी खाल्ली तर त्याच्या कितीतरी पट मिळतं. चरणीचं घ्यावं ते चवीसाठी आणि दाट रश्श्यासाठी.

आता शिजवण्याकडे. कापल्यानंतर काही तासांत मांस ताठरतं आणि त्या अवस्थेत शिजवलं तर चिवट होतं. चरणीच्या बोकडावर चरबीचं पांघरूण नसल्यानं ते लवकर गार पडतं. ताजं मटण थेट फ्रीजरमध्ये टाकलं तर स्नायू आणखी आखडतात. रविवारी करायचं असेल तर शनिवारी आणा आणि रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवण्याचा प्रश्नच नाही.

चरणीच्या 1 किलो हाडासकट मटणाचे दीड-दोन इंचाचे तुकडे करून घ्या. मान, फरी (पुढच्या पायाचा वरचा भाग) आणि नळी असतील तर फारच चांगलं. दीड चमचा मीठ, अर्धा चमचा हळद आणि आलं-लसूण-कोथिंबिरीचं दोन मोठे चमचे वाटण चोळून अर्धा तास ठेवा. पातेल्यात 4 मोठे चमचे तेल घ्या, किंवा 50-60 ग्रॅम बोकडाची चरबी वितळवून त्यात 2 चमचे तेल. या मटणाला स्वतःची फारशी चरबी नसते, तेलात काटकसर केली की ते घशाला कोरडं लागतं. कांदा परतून मटण घाला, मोठ्या आचेवर रंग बदलेपर्यंतच परता. मग आच मंद करून वर पाण्याचं ताट ठेवा आणि 15-20 मिनिटं अंगच्या पाण्यात शिजू द्या. नंतर ताटातलं कढत पाणी आणि लागेल तसं आणखी गरम पाणी मिळून 1 लिटर घाला.

इथून पुढे घाई करू नका. रस्सा खळखळ उकळला की धागे आवळून त्यांतलं पाणी पिळून निघतं. अधूनमधून एखादाच बुडबुडा यावा इतकी आच ठेवली तर शिरा आणि पडदे विरघळून रस्सा ओठांना चिकटेल असा होतो. आदत असेल तर सव्वा तास, दोन दाती असेल तर दीड तास किंवा जास्त. हाडावरून मांस सैल होऊ लागलं की अळणी, म्हणजे मसाल्याआधीचा साधा रस्सा, तयार. लहान मुलांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं याच वेळी बाजूला काढा. मग भाजलेला कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि 2 चमचे काळा मसाला तेल सुटेपर्यंत परतून घाला. येसर (भाजलेल्या धान्य-डाळी आणि मसाल्याचं पीठ) घालायचा तर 1 मोठा चमचा पाण्यात कालवून शेवटच्या दहा मिनिटांत. आधी घातला तर तो तळाशी बसून करपतो.

कुकर लावणार असाल तर शिट्ट्या मोजू नका, प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या वेळी होते. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून घड्याळ लावा: चरणीचं आदत 15-18 मिनिटं, दोन दाती 22-25, बंदिस्तचं आदत 10-12. कुकर आपोआप उतरू द्या. कच्ची पपई वापरायचीच असेल तर किलोला एक लहान चमचा आणि अर्धा तास पुरे. ती वरच्या थरावरच काम करते. जास्त झाली तर तुकडा बाहेरून पीठ आणि आतून तसाच राहतो. बंदिस्तच्या मटणाला तर पपई लावूच नये.

बंदिस्तचं मटण सुक्यासाठी, चापांसाठी आणि खिम्यासाठी घ्यावं. शिजवण्याआधी मूत्रपिंडाची चरबी काढा, 25-30 ग्रॅम फोडणीपुरती ठेवा, तेल 1 मोठा चमचा पुरे. रस्सा करायचाच असेल तर मसाला घालण्याआधी अळणी दहा मिनिटं स्थिर ठेवून वर आलेली चरबी पळीनं काढून घ्या. ती तशीच राहिली तर तर्रीसारखी दिसते खरी, पण ताट गार होताच गोठते आणि टाळूला चिकटते. काढलेल्या चरबीत दुसऱ्या दिवशी कलेजी परता.